अर्ध्या डिक्शनरीचे सार

आमच्या सारांना अख्खी वस्तू सोसत नसे. खडू हातात आला की आधी मोडायचे. अर्धा स्वतःला, अर्धा पहिल्या बाकावर जो कोणी बसला असेल त्याला. ज्याला मिळे तो तासभर त्या खडूचं करायचं काय या विवंचनेत. डोशाचे दोन भाग, केळ्याचे दोन, डोकेदुखीच्या गोळीचेही दोन. वर्तमानपत्र मधोमध सोडवून निम्मी पानं शाळेसमोरच्या चहावाल्याला द्यायचे. शेवटची पानं सारांच्या झोळीत राहायची, त्यामुळे क्रिकेटमध्ये कोण जिंकलं हे त्या बिचाऱ्याला दुपारी येऊन विचारावं लागे.

तंजावुरात शिक्षकाला सार म्हणतात. आम्हा मराठी घरांतही सारच. पुढे मी नोकरीसाठी पुण्यात चार वर्षं काढली, तिथे ‘आमचे सार’ म्हटलं की लोक विचारायचे, टोमॅटोचं का? आमचं मराठी ऐकून त्यांना जुनी दप्तरं उघडल्यासारखं वाटे आणि ते हसत. हसू देत. ही बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरं मी त्यांच्याकडूनच शिकले, नाहीतर हे लिहिताच आलं नसतं. आमच्या घरी मराठी बोलायची ती मराठीत आणि लिहायची ती तमिळ अक्षरांत. आईची लोणच्याची कृती तमिळ अक्षरांत, आत्याचं पत्र तमिळ अक्षरांत. सारही तसेच. इंग्रजी शिकवत, मराठी बोलत, आणि मराठी लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरं काढत.

त्यांची आठवण येते ती नेहमी दुपारची. राजवाड्यामागच्या गल्लीत चिटपाखरू नाही, उन्हाने रस्ता हलल्यासारखा दिसतोय, आणि सार छत्री घेऊन येताहेत. एकटेच. पण छत्री एका अंगाला झुकलेली. त्यांचा उजवा खांदा उन्हात भाजतोय, आणि डावीकडे, जिथे कोणी नाही, तिथे छान सावली पडलीय. कधीकधी मला अजून वाटतं की त्या सावलीत कोणीतरी चालत होतं आणि मला ते दिसलं नाही, एवढंच.

लग्न केलं नव्हतं. विधवा बहीण आणि ते, दोघं राहत. बहीण म्हणायची, “लग्न केलं असतंस तर अर्धांगी तरी अखंड ठेविली असतीस कां रे?” सार हसून तिच्यापुढच्या चकलीसारख्या मुरुक्क्याचा तुकडा मोडून तिलाच द्यायचे. हे असं का करता, म्हणून मी एकदा विचारलं होतं. त्यांनी खरोखर विचार केला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “अर्धं गोड लागतं, बाळे. करून पाहा की.”

आता डिक्शनरीचं सांगते.

दहावीच्या वर्षी सहामाहीला इंग्रजीत मी आणि सेल्वी दोघी पहिल्या आलो. सेल्वी माझ्याच बाकावर बसायची, राहायची आमच्या मागच्याच गल्लीत. तमिळ घरातली, केसांत सदा मोगरा, आणि भांडायला पक्की. बक्षीस म्हणून सारांनी आपल्या वडिलांची डिक्शनरी आणली होती. जाडजूड, कापडी पुठ्ठ्याची. पुस्तक एक आणि मुली दोन. दुसरे कोणी सार असते तर नाणं उडवलं असतं. यांनी खिशातून दाढीचं पातं काढलं, डिक्शनरी एल संपून एम सुरू होतो तिथे उघडली, उलटी वाकवली आणि शिवण कापली. वर्गातून “अय्यो!” असा एकच आवाज निघाला. ए ते एल सेल्वीला, एम ते झेड मला.

“आता तुम्ही दोघी मिळून एक पुस्तक,” सार म्हणाले, आणि पातं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी कधी विसरणार नाही. तिची गच्ची आणि आमची गच्ची यांच्यामध्ये एक गल्ली आणि एक नारळ. अंधार पडायच्या आत शब्द इकडून तिकडे जायचे. तिला चंद्र हवा असला तर माझ्याकडे मागावा लागे, मला मध हवा असला तर तिच्याकडे. खालून जाणारा सायकलवाला वर बघायचा, या दोन पोरी ‘ऑब्स्टिनेट! ऑब्स्टिनेट!’ म्हणून कोणाला शिव्या देताहेत ते पाहायला. सारांचा नियम होता, अर्थ आधी हुंगायचा, मग उघडायचा. म्हणजे शब्द भेटला की आधी स्वतः तर्क करायचा, चिठ्ठीवर लिहायचा, आणि नंतरच डिक्शनरी बघायची. “हुंगल्यावाचून जेवता कां? मग?” असं म्हणायचे.

शुक्रवारी शेवटच्या तासाला दुसराच खेळ. सार खडूने वर्गाच्या मधोमध जमिनीवर रेघ ओढायचे. अलीकडचे एका बाजूने बोलणार, पलीकडचे विरुद्ध. विषय काहीही. कावळा हुशार की मैना, वाचून शहाणपण येतं की मार खाऊन. भांडण रंगात आलं की सार टाळी वाजवायचे, “बाजू बदला!” मग सगळ्यांनी रेघ ओलांडून पलीकडे जायचं आणि आतापर्यंत ज्याला मूर्खपणा म्हणत होतो तोच तावातावाने मांडायचा. पहिल्यांदा जीभ अडखळे. मग गंमत वाटे. मग थोडी लाजही वाटे, कारण पलीकडून बघितलं की पलीकडचंही खरं दिसायचं.

त्या शुक्रवारचा विषय होता सांबार कोणाचं.

मी आमच्या घरात पढवलेली गोष्ट सांगितली. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एकदा आमसूल संपलं, आचाऱ्याने आमटीत चिंच घातली, आणि सांबार झालं. म्हणजे सांबार मराठ्यांचं. सेल्वी म्हणाली, चिंच आमची, तूर आमची, भांडं आमचं, आणि नाव मात्र तुमचं? मी म्हटलं, आम्ही येण्याआधी तुम्ही भातावर चिंचेचं पाणीच ओतून घेत होतात. ती म्हणाली, पाहुणे म्हणून आलात, तीनशे वर्षं जेवताय, आता भांडंही उचलून नेताय. सारांनी टाळीसाठी हात वर केले, आणि नेमकी त्याच वेळी शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं दप्तरं घेऊन पळाली. बाजू बदलायची राहिली ती राहिलीच.

सोमवारी सेल्वी दुसऱ्या बाकावर बसली. संध्याकाळी गच्चीवर मी तिच्याकडे पाठ केली आणि तिने माझ्याकडे.

आठवड्याभरात कळलं की सेल्वीच्या वडिलांनी शाळेच्या व्यवस्थापकांकडे तक्रार केली आहे. इंग्रजीचे सार मुलांत रेघ ओढतात, मराठी-तमिळ असं भांडण लावतात, माझी मुलगी घरी येऊन रडते. ती रडत होती हे मला तेव्हा प्रथम कळलं. मीही रडत होते, पण माझ्या वडिलांनी तक्रार केली नव्हती. सारांची नोकरी कायम नव्हती, दर जूनला नेमणूक नव्याने व्हायची. शिपाई म्हणाला, या वेळी होत नाही, सोमवारी बोलावणं आहे. मग वर्गाने ठरवलं की आपण सारांच्या बाजूने इंग्रजीत पत्र द्यायचं. लिहिणार कोण? सेल्वी नाही म्हटल्यावर मीच.

आणि माझ्याकडे त्या पत्रासाठी एक शब्द तयार होता. आईने आणलेली फुलं ज्या वर्तमानपत्रात बांधलेली होती त्यात तो मला भेटला होता. कोणातरी पुढाऱ्याला म्हटलं होतं, डिव्हिसिव्ह लीडर. उच्चार डिव्हायसिव्ह, हे तेव्हा कुठे ठाऊक. मी नियमाप्रमाणे हुंगला. डिव्हाइड म्हणजे वाटणे. प्रसाद वाटणे, पेढे वाटणे. वडिलांना विचारलं. ते वीज मंडळाच्या कचेरीत होते, त्यांचं इंग्रजी अर्ज-विनंतीपुरतं. तेही म्हणाले, “होय की, वाटणेच. मग तो वाटणारा.” मला धन्य वाटलं. आपल्या सारांसाठी इंग्रजांनी शब्द करून ठेवला आहे! जो एकटा खात नाही, वाटून खातो, तो डिव्हिसिव्ह.

हुंगून झालं, उघडायचं राहिलं. डी हे अक्षर सेल्वीकडे होतं. मी गच्चीवर गेलेही. ती समोर वाळवणाची वडगं, म्हणजे सांडगे, उचलत होती. हाक मारली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम. मी वाळलेले टॉवेल उचलले आणि खाली आले.

पत्रात मी लिहिलं, आमचे सार फार डिव्हिसिव्ह आहेत. असा डिव्हिसिव्ह माणूस आम्ही आजवर पाहिला नाही. त्यांच्यामुळे आम्हीही सगळे डिव्हिसिव्ह होत आहोत. सेल्वी सोडून सगळ्या वर्गाने सह्या केल्या. एकाने तर विचारलं, इतका भारी शब्द सापडला कुठे?

सोमवारी मलाही आत बोलावलं. व्यवस्थापक टेबलामागे, सेल्वीचे वडील खुर्चीवर, सार उभे. व्यवस्थापकांनी पत्र मोठ्याने वाचलं. त्या शब्दापाशी थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. सेल्वीच्या वडिलांनी मांडीवर थाप मारली. “बघा! मी वेगळं काय म्हटलं होतं? त्यांचीच मुलं लिहून देताहेत!” ते खूश झालेले पाहून मला वाटलं, जमलं. पत्राने त्यांचंही मन वळलं. मी हसले. देवा, मी चांगली दात दाखवून हसले.

“सार,” व्यवस्थापक म्हणाले, “हा शब्द तुम्ही शिकवलात?”

सारांनी पत्र हातात घेतलं. खिशातलं लाल पेन काढलं. एका ठिकाणी मी एक अक्षर गाळलं होतं, ते घातलं. एका ठिकाणी स्वल्पविराम दिला. तो शब्द तीनदा आला होता, तिन्ही वेळा पेन त्याच्यावर थांबलं आणि पुढे गेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून हसतच होते.

“स्पेलिंग बरोबर आहे,” ते म्हणाले.

“आणि अर्थ?”

“अर्थही बरोबर. मुलांनी विचार करून लिहिलं आहे. मी तसाच.”

बाहेर व्हरांड्यात त्यांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली, मोडली, मला अर्धी दिली. मी विचारलं, “सार, पत्र चाललं कां?”

“उत्तम पत्र, बाळे,” ते म्हणाले. “मजला असं पत्र कुणी दिलं नव्हतं.”

जूनमध्ये त्यांची नेमणूक झाली नाही. बहिणीला घेऊन ते तिरुवैयारूला गेले आणि नदीकाठच्या घरात शिकवण्या घेऊ लागले. मला वाटलं, सेल्वीच्या वडिलांनी घात केला. सेल्वीशी मी बोलले नाही ते नाहीच. ती शाळा सोडून पापनाशमला मामाकडे शिकायला गेली. डिक्शनरीचे दोन तुकडे दोन गावांत गेले.

खरा अर्थ मला कॉलेजच्या लायब्ररीत भेटला. टेबलावर अख्खी डिक्शनरी उघडी होती आणि मी सहज डी काढला. माणसामाणसांत फूट पाडणारा. दुफळी माजवणारा. खाली उदाहरण म्हणून वाक्य, जणू व्यवस्थापकांच्या खोलीतून उचललेलं. माझे कान तापले. वर पंखा फिरत होता, समोर एक मुलगी डुलक्या घेत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढून ते लाल पेन तीनदा सरकत गेलं. ‘पोरगी चुकली’ एवढे दोन शब्द त्यांनी बोलायचे होते. बोलले असते तर पत्र फुकट गेलं असतं, सगळ्या वर्गाच्या सह्या फुकट गेल्या असत्या, आणि त्या हसणाऱ्या मुलीचं तोंड तिथल्या तिथे उतरलं असतं. त्यापेक्षा त्यांनी नोकरी जाऊ दिली. मी हे असंच समजते, आणि समजून घेणं काही सोपं गेलं नाही.

माफी मागायला मी एकदा तिरुवैयारूच्या बसमध्ये बसले. दोन्ही बाजूंनी भातशेतं, पाण्यात आभाळ उतरलेलं, बस त्या आभाळाच्या कडेकडेने चाललेली. सार घाटाच्या पायरीवर बसले होते. केस पिकले होते. सोबतीला एक शेळी होती आणि ते केळं सोलत होते. अर्धं त्यांनी खाल्लं, अर्धं तिला दिलं, आणि सालीचेही दोन भाग करायला लागले. शेळीला सगळी साल हवी होती. मी लांबूनच हसले, मग रडले, आणि परतीची बस पकडली. का, ते विचारू नका. पाय उचलले नाहीत. अजून त्या घाटाचं स्वप्न पडतं, स्वप्नात मी चार पायऱ्या उतरते, आणि मग जाग येते.

या वर्षी सार गेले. बहिणीचा फोन आला, “तेराव्याला ये, बाळे. तुजविषयी बोलत असे.”

पंगत ओटीवर होती. शेजारच्या पानावर एक बाई येऊन बसली. केसांत मोगरा, मांडीवर कापडी पिशवी. मी ओळखलं, तिने ओळखलं, आणि दोघींनी आपापल्या पानावर पाणी शिंपडलं. बोलायचं काय? वयं चाळिशीच्या पुढे गेलेली. पापनाशमला शाळेत शिकवते, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. मग सेल्वीने पिशवीतून पुस्तक काढलं. ए ते एल. कडा पिवळ्या पडलेल्या, शिवणीचे दोरे लोंबणारे.

“तुला दाखवायचं होतं, डी,” ती तमिळमध्ये म्हणाली. हा ‘डी’ म्हणजे आपला ‘गं’. “सार गाव सोडायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आले होते. अप्पा दारात. मला वाटलं, आता भांडण. तर म्हणाले, मुलीकडचं पुस्तक पाच मिनिटं द्या. ओट्यावर बसून माझी पेन्सिल मागितली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, हे खोडू नकोस. पुस्तक दिलं. पेन्सिल मोडून अर्धी घेऊन गेले.”

तिने डी अक्षराचं पान उघडलं. छापील शब्दाखाली छापील अर्थ होता, फूट पाडणारा. त्याच्याखाली पेन्सिलीने दोनचा आकडा घातला होता, डिक्शनरीत दुसऱ्या अर्थाला घालतात तसा. पुढे तमिळ अक्षरांत दोन शब्द. बारीक, पुसट झालेले. माझा चष्मा घरी राहिला होता.

“अक्षरं माझी आहेत, पण भाषा माझी नाही,” सेल्वी म्हणाली. “इतकी वर्षं वाचतेय, कळत नाही. तुझीच असणार. ऐक.” आणि तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. “वा-ट्-टून. का-णा-रा. काय डी हे? फराळाचं काही आहे का?”

वाटून खाणारा.

तमिळमध्ये ख नाही, म्हणून ‘काणारा’. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. माझ्या चुकीला त्यांनी आकडा घालून डिक्शनरीत बसवलं होतं. मी पदर तोंडाला लावला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, पानावर बसून रडले. सेल्वी घाबरली. मग मी तिला सगळं सांगितलं. फुलांच्या पुडीचा कागद, वडिलांचं इंग्रजी, ते टॉवेल. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “म्हणजे तू हाक मारली असतीस तर...”

“तू दिली असतीस?”

तिने पुस्तकावरून हात फिरवला. “नसती दिली,” ती म्हणाली. “तेव्हा नसती.”

वाढपी सांबाराची बादली घेऊन आमच्यापुढे आला. सेल्वीने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“सांबार तुमचंच आहे, डी,” ती म्हणाली. “चिंच नुसती झाडावर लोंबत होती. डाळीत घालायची अक्कल तुमच्या आचाऱ्याची.”

“अक्कल कसली? आमसूल संपल्यावर अडून बसला होता. शेजारच्या तमिळ बाईने चिंच दिली म्हणून सुटला. सांबार तुमचं.”

“तुमचं.”

“छे, छे, तुमचं.”

वाढप्याचा हात दुखायला लागला असावा. “अम्मा, कुणाचं कां असेना,” तो म्हणाला, “वाढू कां?”

आम्ही दोघींनी भाताला आळं केलं.